आण्णांची हजेरी ९५०, माझा पगार १४ हजार: नोकरी सोडू का?

लेव्हलवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी सिव्हिल डिप्लोमा. दोन वर्षं झाली, फुलेवाडीच्या पुढं एका साइटवर इंजिनियर म्हणून आहे. खाली पार्किंग, वर चार मजले. पगार १४ हजार, पेट्रोल स्वतःचं. सकाळी साडेआठला हजर, आणि स्लॅब असला की रात्री किती वाजता सुटणार ते मिक्सरवाला ठरवतो. लाइनआउट (जमिनीवर भिंतींची आखणी) मी देतो, सळई मी मोजून घेतो, क्यूब (काँक्रीट तपासायचे ठोकळे) मी भरतो, लेबरची हजेरी मी लिहितो. क्रश सँडचा (दगडाच्या वाळूचा) डंपर रात्री अकराला आला तर किती ब्रास माल आला ते मोजायलाही मलाच फोन.

आमचे आण्णा, म्हणजे वडील, गवंडी. सत्तावीस वर्षं थापी हातात. रोज गावाहून गाडीवरून कोल्हापुरात येतात. त्यांची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, आता ९५०. परवा जेवताना आई सहज म्हणाली, "तुझ्यापेक्षा ह्यांचं बरं हाय की." आण्णा काही बोलले नाहीत, भाकरी मोडत राहिले. मला मात्र रात्रभर झोप नाही. ९५० गुणिले ३०, म्हणजे २८,५००. माझ्या दुप्पट. मग तीन वर्षं डिप्लोमा कशाला केला?

डोक्यात असं चाललंय की नोकरी सोडायची आणि आण्णांना घेऊन लेबर काँट्रॅक्ट घ्यायचं, म्हणजे माल मालकाचा, माणसं आपली. बांधकाम त्यांना कळतं, ड्रॉइंग आणि हिशोब मला. कुणी केलंय का असं? आकडे सांगा. नुसतं 'भावा, नाद करायचा नाय' नको.

काटकोन

महिन्याला २८,५०० मिळवणारा गवंडी कुठं राहतो, पत्ता दे. उद्यापासून मीच थापी घेतो.

कळंबेकर काका

या विषयावर बोलायचा मला पुरेपूर अधिकार आहे, कारण गेले अकरा महिने मी घर बांधतोय. १,२०० स्क्वेअर फूट. लेबर रेट फुटाला ३८० ठरला. "सात महिन्यांत चावी हातात देतो साहेब." अकरावा महिना चालू आहे, आणि चावी लावायला दार पण नाही.

मिस्त्री उचल घेतो आणि दुसऱ्या साइटवर जातो. फोन केला की "उद्या माणसं पाठवतो." हा उद्या कुठल्या पंचांगात असतो ते एकदा बघायचं आहे. बाथरूमचा कोपरा गुण्यात (काटकोनात) नाही, हे मला फरशी बसवायला आलेल्या राजस्थानी पोरानं दाखवलं. बिगारी ६०० घेतो. अकराला चहा, एकला जेवण, चारला पुन्हा चहा आणि साडेपाचला हातपाय धुऊन तयार. मी ३४ वर्षं बँकेत काढली, साडेपाचला कधी उठलो नाही.

रोज ९५० घेणाऱ्याला गरीब म्हणायचं का, हे मला अजून समजलेलं नाही. बाळा, नोकरी सोडू नको. सोडलीस तर निदान फोन उचलत जा.

थापी ओळंबा

काका, तुमचा मिस्त्री मी न्हवं. पण त्याच्या बाजूनं बोलतो, कारण तुमचा ३८० चा रेट बघून माझ्या पोटात कालवाकालव झाली.

लेव्हलवाला, तू आकडं मागितलंस म्हणून आमच्या गँगचं सांगतो. दुसऱ्याचं थोडं वर-खाली असंल. ३८० मधलं सेंट्रिंग (स्लॅब-बीमचा साचा) आणि सळईला १५० जातात. बांधकामाला ९०. आतला-बाहेरचा गिलावा १००. झालं ३४०. राहिलं ४०. काकांच्या १,२०० फुटाला ४८ हजार. सात महिन्यांत म्हणशील तर महिन्याला सात हजाराच्या आत, आणि अकरा महिन्यांत किती ते तूच काढ, तू हिशोबवाला. त्यातच माल वर चढवायच्या लिफ्टचं डिझेल, गाडी, माणसं गोळा करताना चहापाणी, आणि सेंट्रिंगच्या मोडलेल्या दोन प्लेटा.

आता गंमत ऐक. मालक शेवटचं धा टक्के ठेवून घेतो, 'सगळं झाल्यावर देतो' म्हणून. ४ लाख ५६ हजाराचं धा टक्के म्हंजे ४५,६००. म्हंजे माझा सगळा नफा मालकाच्या खिशात असतो आणि मी त्याच्या दारात चपला झिजवतो. 'इथं तडा गेला, तिथं डाग पडला, वरची टाकी गळती.' तीन मालकांकडं माझं अजून अडकून हाय, त्यातल्या एकाच्या घराची वास्तुशांत होऊन दोन दिवाळ्या झाल्या.

मग मी काय करतो? एका साइटवर पैसं अडकलं की माणसं तिथनं उचलून जिथनं पैसं येत्यात तिथं लावतो. शनिवारी बाजार (आठवड्याची मजुरी) द्यायचा असतोय. बाईमाणूस बाजाराची पिशवी घेऊनच साइटवर येती, तिला 'पुढच्या आठवड्यात' म्हणून चालत न्हाई. काका, तुमचा 'उद्या' असा तयार होतोय.

आणि गुण्यात नसलेल्या कोपऱ्याची माफी न्हाई. ते चूकच.

कळंबेकर काका

शेवटचे दहा टक्के मी पण ठेवलेत. न ठेवता दिले तर उरलेलं काम करायला कोण येतं?

थापी ओळंबा

तेच की. तुम्हाला माझा भरवसा न्हाई, मला तुमचा न्हाई. मधल्या मधी बिगाऱ्याचा शनिवार जातोय.

सांजवात

सगळे गवंडी, मिस्त्री आणि इंजिनियर यांचंच बोलतायत म्हणून लिहिते. माझी आई अठरा वर्षं बिगारी कामाला जात होती. मी आता राजारामपुरीत एका दवाखान्यात नोकरी करते, तिला दोन वर्षांपूर्वी काम सोडायला लावलं.

शेवटी तिला ४०० मिळायचे. तिच्याच बरोबर, त्याच कालव्याचं (कालवलेल्या सिमेंट-वाळूचं) घमेलं उचलणाऱ्या गड्याला ६००. विचारलं की ठरलेलं उत्तर: "बाया पोती उचलत नाहीत." सिमेंटचं पोतं पन्नास किलोचं. ते गडी दिवसातून चार वेळा उचलतो, तेही दोघं मिळून. घमेलं मात्र आई दिवसभर एकटीच उचलायची, आणि गडी पोतं टाकून तंबाखू मळत बसला की त्याच्या वाटणीचं पण. शिवाय सगळ्यांच्या आधी येऊन भिंतींना पाणी मारणं, सगळे गेल्यावर अवजारं धुणं. थापी धुवायची कुणी, हे कुठल्या रेटमध्ये बसतं?

समान कामाला समान मजुरीचा कायदा १९७६ मध्येच आला. मी बारावीत असताना नागरिकशास्त्राच्या जुन्या पुस्तकात वाचून आईला सांगितला होता. ती म्हणाली, "मुकादमाला सांगतीस का? उद्यापासनं येऊ नको म्हणंल." विषय संपला.

आईच्या डोक्यावरच्या चुंबळीची जागा अजून दिसते. तिथं केस विरळ आहेत. स्लॅबच्या दिवशी मालक जेवण द्यायचा, तांबडा-पांढरा रस्सा, मिस्त्रीला टॉवेल-टोपी आणि नारळ. बायकांची पंगत शेवटी. आई आमच्यासाठी मटणाचे दोन तुकडे भाकरीत गुंडाळून आणायची. ते खाताना आम्हाला स्लॅब म्हणजे सण वाटायचा.

काटकोन

ताई, काय बोलू. मघाचा विनोद मागे घेतो.

पुणेरी पन्हाळकर

लेव्हलवाला, तू आहेस तिथं मी सहा वर्षांपूर्वी होतो. शिवाजी विद्यापीठातून बी.ई. केलं आणि कोल्हापुरात ९ हजारांवर लागलो. पुण्याला आलो, २२ वर. खोलीचं भाडं, मेस आणि महिन्यातून दोनदा गावी येणं धरलं तर पहिली दोन वर्षं हातात कोल्हापुरापेक्षा कमीच उरायचे. पण इथं क्वांटिटी (किती काम, किती माल ते काढणं) आणि बिलिंग शिकलो, त्यावर पगार वाढला. साइटवर नुसतं उभं राहणाऱ्याला कुठंच वाढ नाही, बिल काढणाऱ्याला आहे. तुला अजून वर्षभर तिथंच राहून बिलिंग शिकता येतंय का बघ.

आपल्याकडे सिव्हिलची पोरं ढिगानं बाहेर पडतात आणि गवंड्याच्या हाताखाली शिकायला एकही नवीन पोरगं येत नाही. आमच्या साइटवर गवंडी पन्नाशीचे, सेंट्रिंगला बिहारचे, बिगारी विजापूर-कलबुर्गीकडचे. दर त्यामुळे चढलाय. गवंड्याची कुणाला किंमत कळली म्हणून नव्हे.

लेव्हलवाला

दोन दिवस गप्प होतो. काटकोन यांचा तो पत्त्याचा टोमणा लागला होता, खरं सांगतो. म्हणून काल आण्णांच्या डायऱ्या काढल्या.

आण्णा साखर कारखान्याच्या डायरीत हजेरी लिहितात, सभासदांना मिळते ती. आजवरच्या सगळ्या ट्रंकेत आहेत. पूर्ण दिवसाला उभी रेघ, अर्ध्याला अर्धी. गेले नाहीत तर फुली, आणि फुलीपुढं एक शब्द. 'पाऊस.' 'पाऊस.' 'आवस.' 'सँड न्हाई.' 'जोतिबा.' 'लाईट न्हाई.' 'मालक गावाला.' मी मागच्या वर्षाची डायरी घेऊन एकेक पान मोजलं. साइटवर आख्ख्या गँगची हजेरी लिहितो, बापाची पहिल्यांदाच मोजली.

रविवार ५२. अमावास्या ११, एक रविवारी आली होती (गवंडी अमावास्येला थापी धरत नाहीत, हे शहरातल्यांना माहीत नसेल). पावसानं ४५. जत्रा, सण, लग्नं, मयत मिळून २०. एक काम संपून दुसरं मिळेपर्यंत २२. आणि साइटवर माल नाही म्हणून १४. या चौदातले बरेच दिवस ते गाडीवरून कोल्हापुरात येऊन, तासभर बसून, परत गेलेत. पेट्रोल जळलंय, हजेरी नाही. एकूण खाडे १६४. रेघा, अर्ध्या जोडून, २०१.

२०१ गुणिले ९५० म्हणजे १,९०,९५०. त्यात शेवटच्या पानावर एका ठेकेदाराचं नाव आणि '११,५०० येणे' असं लिहून त्याच्यावर नंतर काट मारली आहे. आले म्हणून काट मारली का, असं विचारलं. म्हणाले, "न्हाई. इचारायचं सोडलं म्हणून." ते वजा केले तर १,७९,४५०. बाराने भागा. महिन्याला १४,९५४.

माझ्यापेक्षा ९५४ रुपये जास्त. सत्तावीस वर्षांच्या हाताचे.

२०१९ ची डायरी पण उघडली. ऑगस्टात फुल्यांपुढं नुसतं 'पाणी', 'पाणी', 'पाणी'. नंतर दसऱ्यापर्यंत सलग रेघा, रविवारी सुद्धा. पुरात भिजलेल्या घरांचे गिलावे खरवडून परत करायचे होते. लोकांच्या घरात चिखल होता त्या वर्षी आमच्या घरात पैसा आला, हे आण्णांना आवडलेलं नव्हतं. त्या महिन्यांतल्या पानांवर काही ठिकाणी हजेरीपुढं 'निम्मं घेतलं' लिहिलंय.

थापी ओळंबा

'इचारायचं सोडलं.' भावा, तुझ्या आण्णांना माझा नमस्कार सांग.

पेठेतला

मी बांधकाम कामगारांच्या नोंदणीचे फॉर्म भरून देतो, फुकट. आधीच सांगतो, कारण या कामात पैसे उकळणारे एजंट फार झालेत.

आण्णांची नोंदणी आहे का? इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची. लोकांना त्यातली पेटी आणि भांड्यांचा संच तेवढा ठाऊक. १९९६ च्या कायद्यानं हे आलं, आपल्या राज्याचं मंडळ २०११ ला झालं. वय १८ ते ६०, आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला, एवढीच अट. तुझ्या आण्णांच्या २०१ रेघा आहेत, लागतात ९०.

मी पाहिलेल्या यादीप्रमाणे काम करताना मृत्यू झाला तर वारसाला ५ लाख, नैसर्गिक मृत्यूला २ लाख. पहिल्या दोन मुलांच्या शिक्षणाला: पहिली ते सातवी वर्षाला अडीच हजार, आठवी ते दहावी पाच हजार, डिप्लोमाला २० हजार, इंजिनियरिंगच्या डिग्रीला ६० हजार. लेव्हलवाला, तुझ्या डिप्लोमाची तीन वर्षं म्हणजे ६० हजार होतात. गेलेलं परत येत नाही, पण धाकटं कुणी शिकत असेल तर बघ.

आता अडतं कुठं. कोल्हापुरात पानपट्टीवाला, रिक्षावाला, हॉटेलातला आचारी, सगळ्यांची नोंदणी झालेली मी बघितली आहे. आणि खरा गवंडी बाहेर. कारण त्याच्याकडं दाखल्यावर सही करणारा नाही. ठेकेदार सही करत नाही, कारण सही केली की हा माणूस माझ्याकडं कामाला होता हे कागदावर येतं. उद्या तो पायाडावरून पडला तर? आमच्या ओळखीतला एक सेंट्रिंगवाला पडला होता, दुसऱ्या मजल्यावरून, पट्टा नाही, जाळी नाही. दवाखान्यात ठेकेदारानं सांगितलं, 'वाटेनं चालला होता, पडला.' नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्येच आला. पण कामावर होता हेच सिद्ध करायला त्याच्या बायकोकडं एक कागद नव्हता. शेवटी गँगनं वर्गणी काढली.

म्हणून आण्णांच्या डायऱ्या जपून ठेव. सरकारी दाखला म्हणून चालणार नाहीत. पण ज्या माणसानं रेघा मारल्यात त्याला ९० दिवसांची सही मागताना खाली मान घालायचं कारण नाही.

कळंबेकर काका

एक विचारतो. परवानगी काढताना माझ्याकडून कामगार उपकर म्हणून पैसे घेतले होते. २४ हजार आणि काहीतरी. आर्किटेक्ट म्हणाला भरा, मी भरले. पावती फाइलीत आहे. तो हाच का?

पेठेतला

हाच. बांधकाम खर्चाच्या एक टक्का. तुम्ही भरलात तेव्हा दहा लाखांच्या आतलं स्वतःचं राहतं घर असेल तर माफ होतं, तुमचं त्याच्या वर गेलं. मंडळाचा बहुतेक पैसा त्यातूनच येतो.

कळंबेकर काका

म्हणजे माझ्या घरावर काम करणाऱ्यांसाठी मी पैसे भरले, आणि ते त्यांना मिळत नाहीत?

पेठेतला

त्यांना नोंदणी नसताना कसे मिळणार? तुमच्या साइटवर नव्वद दिवस भरलेली माणसं असतील ना?

कळंबेकर काका

अकरा महिने चाललंय. नव्वद कसले, दीडशे भरले असतील. पाणी मारायला येणारी बाई तर रोज येते, मिस्त्री आला नाही तरी. तिचं नाव मी अजून विचारलेलं नाही, 'मावशी' म्हणतो.

सांजवात

काका, विचारा. आणि तिला किती मिळतात तेही विचारा.

लेव्हलवाला

सगळ्यांचे आभार. पन्हाळकर दादा, बिलिंगचं आमच्या साहेबांना बोललो, पुढच्या बिलापासून बसवतो म्हणालेत. वर्षभर नोकरी सोडत नाही. काँट्रॅक्टचं त्यानंतर बघू. थापी मामांचा ४० रुपयांचा हिशोब बघून आईनं पण विषय काढला नाही.

स्लॅबवरून एक आठवलं. काका, तुमचा वरचा स्लॅब झाला असेल तर टेकू काढायची घाई कुणाला करू देऊ नका. प्लेटांचं भाडं दिवसावर असतं, म्हणून ठेकेदाराला लवकर काढायच्या असतात. गाळा (दोन आधारांमधलं अंतर) साडेचार मीटरपर्यंत असेल तर स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याच्या वर चौदा. बीमखालचे चौदा, आणि सहा मीटरच्या वर गेला तर एकवीस. हे मी शिकलोय, आण्णा मात्र सरसकट एकवीस म्हणतात आणि भाड्याचं बोलणारा असेल तर त्याच्याकडं बघतच नाहीत.

दुसरं असं की माझ्या साइटवरच्या वहीत बावीस माणसं आहेत. काल रात्री बसून त्यांचे दिवस मोजले. सतरा जणांचे ९० च्या वर भरतात. हजेरी माझ्याच अक्षरात आहे, आणि आजवर एकानंही दाखला मागितला नाही, कारण तो मिळतो हेच माहीत नाही. आज ठेकेदारापुढं यादी ठेवली. त्यानं ती घडी करून वरच्या खिशात घातली, म्हणाला "बघू". आण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "खिशात घातली न्हवं? टाकली तर न्हाई?"

थापी ओळंबा

माझ्याकडं नऊ माणसं हायत. पेठेतले, फॉर्म कुठं मिळतोय सांगा. सही करतो. भ्या वाटतंय, पण करतो. पडलं कोण तर आजवर तरी मी पळालो न्हाई.

पेठेतला

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आधारकार्ड, बँक पासबुक आणि फोटो घेऊन या सगळ्यांचे. कुणालाही पैसे देऊ नका.

कळंबेकर काका

मावशींचं नाव विचारलं. चारशेच मिळतात. मिस्त्रीशी त्यावर बोलणं झालं, जरा वाजलंच. दाखल्याचं म्हणाल तर त्याला सांगितलंय, सोमवारी सगळ्या माणसांना कागद घेऊन साइटवर बोलाव, मी स्वतः बसून फॉर्म भरून घेतो आणि सही तुझी. "येतो साहेब" म्हणाला. या वेळी आवाजावरून खरं वाटलं.

थापी ओळंबा

काका, सोमवारी आवस हाय. मंगळवार धरा.